भिंतीवरचा काळा फळा: चार महिने वापरून मग लिहितेय

ज्यांच्या घरात दोन मुलगे आहेत आणि भिंतींना नुकताच रंग काढलाय त्यांनी हे जरूर वाचा, कारण मी दोन वर्षं या प्रकरणात घालवलीत आणि शेवटी जे कामाला आलं ते म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा ब्लॅकबोर्ड पेंटचा डबा.

आमचं लालबागला 1 बीएचके. माणसं सहा. सासू-सासरे, आम्ही दोघं, मोठा साडेसात वर्षांचा आणि धाकटा चारचा. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी पूर्ण घराला रंग काढला, क्रीम कलरचं इमल्शन, वॉशेबल म्हणून मुद्दाम महागातलं घेतलं. आठवडासुद्धा झाला नव्हता आणि धाकट्याने लाल मेणाचा खडू घेऊन दिवाणापासून किचनच्या दारापर्यंत एकच रेघ ओढली, कुठेही हात न उचलता. रात्री सगळे झोपल्यावर मी टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन ती घासत बसले होते. रेघ गेली पण तेवढ्या पट्ट्याची चमकपण गेली, संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की अजून दिसतो. तेव्हापासून माझं एकच काम, पोरं भिंतीजवळ गेली की ओरडायचं. हात धुतले का, पेन कुठाय, भिंतीला टेकू नको. दिवसभर तेच.

मध्ये एकदा ऑनलाइन काळा विनाइलचा स्टिकर मागवला, भिंतीला चिकटवायचा आणि त्याच्यावर खडूने लिहायचं असला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही पण महिन्याभरात कोपरे सुटले, धाकट्याला ते सोलायला भारी मजा यायची, आणि काढताना खालचा रंग पुट्टीसकट निघून आला. भाड्याचं घर असेल तर स्टिकर ठीक, पण मग गुळगुळीत कपाटाच्या दारावर लावा, भिंतीवर नको.

तर या फेब्रुवारीत शेवटी पेंट आणला. 1 लिटरचा डबा मला तीनशेच्या आसपास पडला. दोन प्रकार मिळतात, एक जुना ऑइल बेसवाला, जो शाळेतल्या फळ्यांना लावतात, आणि एक पाण्यात मिसळायचा. ऑइलवाल्याला वास खूप, दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे म्हणून त्या दोन दिवस नणंदेकडे गेल्या आणि पोरांनापण सोबत पाठवलं. तरी मी ऑइलचाच घेतला कारण दुकानदार म्हणाला की ताई रोज पुसापुशी होणार असेल तर हाच टिकेल, आणि त्याचं खरं निघालं.

जागा निवडताना आम्ही जी काळजी घेतली ती सांगते. बाहेरच्या बाजूची भिंत घेतली नाही, आमच्याकडे पावसाळ्यात तिला ओल येते आणि ओलीवर हा रंग लावला तर पोपडे धरणार हे नक्की. बाथरूमला लागून असलेली भिंतही नाही. हॉलमधून किचनकडे जाताना जी आतली भिंत आहे तिथे 5 फूट रुंद आणि 4 फूट उंच असा चौकोन आखला आणि तो अगदी स्कर्टिंगपासून सुरू केला. हे फार महत्त्वाचं आहे, लोक फळा मोठ्यांच्या उंचीला काढतात आणि मग पोरं खाली पांढऱ्यावरच रंगवतात. आमचा धाकटा फतकल मारून बसतो आणि त्याच्या नाकासमोर जे असतं तिथे लिहितो. वरचा एक फूट नवऱ्याच्या वाणसामानाच्या यादीला.

रंगाऱ्याला बोलवायची गरज नाही, आम्ही दोघांनी रविवारी केलं. आधी पॉलिश पेपरने भिंत घासून घ्यायची, इमल्शनची चकाकी मरेपर्यंत. तुमच्याकडे जुना डिस्टेंपर असेल तर खरवडूनच काढा, तो भुकटीसारखा असतो, वरचा रंग धरून ठेवत नाही. मग धूळ पुसून पुट्टीने खड्डे भरायचे, प्रायमरचा एक हात, कडांना मास्किंग टेप, आणि छोट्या रोलरने काळ्याचे दोन हात, मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. टेप दुसरा हात थोडा ओला असतानाच काढायची, पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचे टवके निघतात. 20 चौरस फुटांना दोन हात मारूनही अर्धा डबा उरलाय.

यानंतर जे करायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही, आम्हाला सासूबाईंनी सांगितलं. त्या तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकतर वाळला असं वाटलं तरी तीन दिवस त्याला हात लावायचा नाही. आणि मग लिहायच्या आधी खडू आडवा धरून पूर्ण फळा पांढरा करून टाकायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. त्या म्हणाल्या, "अगं नव्या फळ्याला आधी खडूची आंघोळ घालावी लागते, नाहीतर पहिली अक्षरं त्याच्यात बसतात ती जन्मभर जात नाहीत." त्या स्वतः संगमेश्वरकडे शिकल्या, तिथे दर सुट्टीनंतर पोरंच कोळशाची पूड आणि पाल्याचा रस कालवून फळा काळा करायची. त्या दिवशी आजी आणि दोन नातू मिळून आमच्या भिंतीला आंघोळ घालत होते, तिघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, तो फोटो माझ्याकडे आहे.

खडूबद्दल थोडं. साधा खडू म्हणजे जिप्सम, पीओपीच धरा, इथे लालबागच्या कारखान्यांत मूर्तींना जे वापरतात त्याच जातीचं. त्याची धूळ हलकी असते, उडते. डस्टलेस म्हणून जो मिळतो तो चुनखडीचा, जरा जड, त्याची भुकटी सरळ खाली पडते, उडत नाही. धूळ होतेच नाही असं मात्र नाही, रोज सकाळी स्कर्टिंगवर पांढरी रेघ जमलेली असते. घरात कोणाला दमा असेल तर डस्टलेसच आणा आणि फळा बिछान्यापासून लांब करा. मेणाचे खडू आणि स्केचपेन यांना मात्र फळ्यावर सक्त बंदी ठेवा, ते निघत नाहीत. ओल्या फडक्याने रोज पुसू नका, पांढरे ढग राहतात. आठवड्यातून एकदा ओलं, बाकी कोरडं.

प्रॉडक्ट म्हणून माझे पाचपैकी साडेचार, अर्धा धुळीचा कापला.

आता जे खरं सांगायचंय ते. पहिला महिना मी तो फळा पोरांना वापरूच दिला नाही. म्हणजे मला वाटत होतं की देतेय. सहा रंगांचे खडू मी सहा वाट्यांमध्ये ठेवले होते, लाल लालमध्ये, निळा निळ्यामध्ये. लिहून झालं की पुसायचं, डस्टर झटकायचा, हात धुवायचे. मोठा ळ उलटा काढायचा तर मी लगेच बोटाने पुसून सुलट काढून द्यायचे. धाकट्याने पहिल्यांदा आई लिहिलं तेव्हा ई आधी आली आणि आ नंतर, मी ते पुसून नीट लिहून दाखवलं, त्याचा फोटो काढायचा मला सुचलंही नाही. ते आता परत कुठून आणणार. मोठा लोकल काढायचा, त्याला त्याचंच वेड आहे, माझे सासरे रेल्वेत होते आणि आजोबांच्या मांडीवर बसून त्याला डबे, सिग्नल, हॉर्न सगळं तोंडपाठ झालंय. त्याच्या लोकलची रेघ उताराला जायची, मी पट्टी धरून सरळ करून द्यायचे. मला वाटायचं मी मदत करतेय. आणि रात्री झोपायच्या आधी मी पूर्ण फळा पुसून स्वच्छ करायचे, सकाळी उठल्यावर काळाभोर दिसला की मला बरं वाटायचं.

मार्चच्या मध्यावर लक्षात आलं की मोठा फळ्याकडे जातच नाही. मला वाटलं नव्याचे नऊ दिवस संपले. मग एक दिवस शाळेचा एक मोजा सापडत नव्हता म्हणून मी दिवाण ओढला, आणि मागे, जिथे झाडूसुद्धा नीट पोचत नाही, तिथे भिंतीवर पेन्सिलीने काढलेली एक अख्खी लोकल होती. बारीकशी, वितभर लांब. चाकं वाकडी, डबे लहानमोठे, एका डब्यावर लेडीज डब्याला असते तशी डोक्यावर पदर घेतलेली बाई काढायचा प्रयत्न केलेला, आणि खाली स्टेशनचं नाव परळ, त्यातला ळ उलटा. दिवाण आणि भिंतीमधल्या त्या फटीत अंग घालून, उताणा झोपून काढली असणार. घरात पाच फुटांचा फळा असताना.

मी तिथेच खाली बसले. मोजा हातात तसाच. मला माझ्या पोराने माझ्यापासून चित्र लपवलं हे मला फार लागलं, आणि का लपवलं हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला काही बोलले नाही, दिवाण परत जागेवर सरकवला. त्या रात्री फळा पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाट्या उचलल्या आणि सगळे खडू एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात ओतले. आणि स्वतःला सांगितलं की फळ्यावर माझा हात लागणार नाही, कोणी विचारलं तरच सांगायचं, पुसायचं की नाही ते पोरांनी ठरवायचं.

सोपं नव्हतं, खरंच सांगते. पहिले चार-पाच दिवस येताजाता त्या फळ्याकडे बघून मला अस्वस्थ व्हायचं, अर्धवट पुसलेलं, एकावर एक गिरवलेलं, डाळीचा हात लागलेला. पाहुणे आले की आधी तिकडेच बघतात. पण मोठा परत यायला लागला, आधी धाकट्याच्या बाजूला बसून नुसता खडू फिरवायचा, मग एक इंजिन, मग रूळ.

16 एप्रिलला आजोबांनी त्याला सांगितलं की आजच्या दिवशी 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी, 14 डबे, चारशेच्या आसपास माणसं, 34 किलोमीटर, आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. तीन इंजिनांना तीन नावं हे ऐकूनच तो उठला. डाव्या कडेपासून सुरुवात केली, साहिब लाल, सिंध पिवळा, सुलतान निळा, प्रत्येकाला वेगळा धूर, आणि मग डबे. प्रत्येक डब्याला खिडक्या मोजून. नवव्या डब्यावर फळा संपला.

मी किचनच्या दारात पीठ मळत उभी होते. तो थांबला, फळ्याच्या कडेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. अजून पाच डबे राहिले होते. खाली दुसरी ओळ काढता आली असती, पण मग गाडी तुटली असती ना, आजोबा म्हणाले तशी 14 डब्यांची सलग राहिली नसती. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी परातीत बघितलं आणि मळत राहिले. त्याने पांढरा खडू टाकून हिरवा घेतला, कारण क्रीम भिंतीवर पांढरा दिसत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं, आणि दहावा डबा भिंतीवर काढला. मग अकरावा, बारावा. आजोबा मोठ्याने मोजत होते.

इमल्शनवरचा खडू ओल्या फडक्याने निघतो, हे आता मला माहितीय, कोणी घाबरत असेल तर सांगून ठेवते. पण आमच्याकडे जून लागला तरी ते पाच डबे तिथेच आहेत. फळ्यावरची गाडी कधीच पुसली गेली, तिथे आता धाकट्याच्या बेडकांचं राज्य आहे, पण भिंतीवरचे डबे पुसायला मोठा तयार नाही आणि मीही नाही. नवरा म्हणतो उरलेल्या अर्ध्या डब्यात तेवढी भिंत काळी करून टाकू, पावसाळा संपल्यावर बघू म्हटलं. घरी कोणी आलं की सासरे त्यांना आधी तीन इंजिनांची नावं सांगतात मग डबे मोजायला लावतात. चौदावा डबा स्विचबोर्डच्या खाली जाऊन पोचलाय, आणि त्याच्या दाराला धाकट्याने नंतर एक माणूस काढलाय, एक मोठा गोळा, त्याला दोन पाय आणि एकच हात, तो हात दांड्याला धरलेला आणि बाकी सगळा गाडीच्या बाहेर.