योगनिद्रेचं ॲप, वर्षभरानंतर: सगळी गडबड विरामांची

ॲपची वार्षिक वर्गणी परवा खात्यातून आपोआप कापली गेली, म्हणून आधी तेच सांगतो. फोनमधून ॲप काढून टाकलं तरी वर्गणी थांबत नाही. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करावं लागतं.

आता मुद्द्याचं. योगनिद्रेत, म्हणजे आडवं पडून सूचना ऐकत घेतलेल्या जागत्या विश्रांतीत, मन स्थिरावत नव्हतं, तेव्हा सुरुवातीला दोष पार्श्वसंगीताचा वाटला. संगीत बंद केलं तरी फरक पडेना. खरा दोष विरामांचा आहे, आणि तो ॲपमध्ये बदलताच येत नाही.

अवयवांवरून लक्ष फिरवायचा टप्पा भराभर व्हायला हवा. बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी ही पद्धत तांत्रिक न्यासावरून, म्हणजे मंत्र म्हणत शरीराच्या एकेका भागाला स्पर्श करायच्या विधीवरून बसवली. हातांचा न्यास, म्हणजे करन्यास, ‘अंगुष्ठाभ्यां नमः’ने (अंगठ्यांना नमन) सुरू होतो, तशी इथेही सुरुवात उजव्या अंगठ्यापासून. एका जागी रेंगाळायचं नाही, नाव ऐकलं की पुढे. ॲपमध्ये मात्र प्रत्येक नावानंतर पाच सेकंद शांतता. तेवढ्यात मन दूधवाल्याच्या हिशेबापर्यंत जाऊन येतं. सत्तर नावांच्या नुसत्या विरामांनाच जवळपास सहा मिनिटं लागतात, दीड सेकंदाचा विराम ठेवला तर ते पावणेदोन मिनिटांत होतात.

श्वासाच्या टप्प्यात नेमकं उलटं. प्रत्येक श्वासाला एक असे 27 पासून उलटे आकडे मोजायचे असतात, पण ॲप ते स्वतःच्या लयीत मोजतं. मिनिटाला बारा श्वास घेणाऱ्याला 27 श्वासांना सव्वादोन मिनिटं लागतात, सहा घेणाऱ्याला साडेचार. आवाजाच्या मागे श्वास ओढला की छाती आवळते. इथे सूचना एकदाच द्यावी आणि पुढे साडेचार मिनिटं कोरी सोडावीत. आकडा चुकला तर पुन्हा 27, आधी संपले तर नुसता श्वास पाहायचा.

म्हणून रेकॉर्डिंग आपल्याच आवाजात केलेलं बरं. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ला हवेचा फटका बसतो. खोली घुमत असेल तर समोर गोधडी टांगा. ‘आता आपलं लक्ष हळुवारपणे उजव्या अंगठ्याकडे न्या’ असली वाक्यं नकोत. ‘उजवा अंगठा. पहिलं बोट. दुसरं.’ क्रियापदाची गरजच नाही. पुढे तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय. मग डावी बाजू. क्रम पक्का ठेवा. तो रोज बदलला तर मन पुढचं नाव ओळखत बसतं.

विराम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होतात, फुकटात. लांबलेली शांतता छाटणारं ‘ट्रंकेट सायलेन्स’ वापरताना फक्त अवयवांचा भाग निवडा. सगळी फाइल निवडली तर श्वासासाठी सोडलेली साडेचार मिनिटंही कापली जातात आणि ते ऐकायला बसल्यावरच कळतं. 64 केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) मोनोमध्ये 25 मिनिटांची फाइल 12 एमबीची होते.

शेवटी घंटा ठेवू नका, दचकायला होतं. त्याजागी दोन मिनिटं शांतता आणि मग ‘बोटं हलवा’ एवढंच.

पहिला महिनाभर क्रम अंगवळणी पडायला ॲप खरंच उपयोगी आहे, हे मान्य. पण त्यासाठी मासिक वर्गणी पुरते, वार्षिक घेऊ नका. आणि झोप लागत असेल तर आवाज वाढवू नका. कोपर जमिनीवर टेकवून एक हात उभा धरा, डुलकी लागली की तो पडतो आणि जाग येते.