पिल्लांच्या शेडसाठी ज्योत आपोआप कमी-जास्त करणारा गॅस ब्रूडर: वापरून आलेला अनुभव

भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात आमचा ३,००० पक्ष्यांचा ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचा, शेड आहे. काम करारावर चालतं. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, मजुरी, खाली अंथरायचा धानाचा तूस, वीज आणि गॅस आपला. म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा खर्च आपल्या खिशातून जातो आणि ऊब कमी-जास्त झाली की मरतूक अन् वजन दोन्ही आपल्याच हिशेबात कापलं जातं. जुना गॅस ब्रूडर, म्हणजे पिल्लांवर टांगायची ऊब देणारी शेगडी, बदलून आम्ही ज्योत लहान-मोठी होणारा ब्रूडर बसवला. गावातले बरेच जण विचारतात, म्हणून नीट लिहून ठेवते.

एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब सांभाळता येत नाही. ती ताकद यायला १२ ते १४ दिवस जातात. पहिल्या दिवशी ब्रूडरच्या कडेला ३२-३३ अंश लागतात, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवायचं. हे सगळीकडे सारखंच. आपल्याकडे अडचण येते ती हवेची. डिसेंबरात दुपारी २८ अंश आणि पहाटे १० किंवा त्याहूनही खाली. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात पारा ३.५ वर गेला होता. बाहेर एका दिवसात एवढा चढउतार, आणि आत पिल्लाला मात्र एकसारखी ऊब पाहिजे.

जुना ब्रूडर चालू-बंद पद्धतीचा होता. पेटला की पूर्ण ताकदीने पेटायचा, ठरलेलं तापमान आलं की बंद. मग तापमान चांगलं खाली उतरेपर्यंत तो पुन्हा पेटायचाच नाही. रात्री शेडमध्ये उभं राहून पाहिलं की सगळं दिसायचं. ब्रूडर बंद झाला की थोड्या वेळात पिल्लं मधोमध गोळा व्हायला लागत, एकमेकांच्या अंगावर चढत, चिवचिव वाढे. खालची पिल्लं तिथेच दबून मरत. मग भपकन पेटला की तीच पिल्लं चोच उघडी टाकून भोवती लावलेल्या पत्र्याच्या गोलाला चिकटून बसत. थर्मामीटरवर सरासरी काढली असती तर अगदी बरोबर आली असती! पण पिल्लू काही सरासरीत जगत नाही.

नव्या ब्रूडरला एक तांब्याची बारीक नळी असते, तिच्या टोकाला बोटाएवढी धातूची कांडी. त्या कांडीत द्रव भरलेला असतो. ती आपण पिल्लाच्या उंचीवर टांगतो. हवा तापली की आतला द्रव फुगतो, त्याचा दाब नळीतून व्हॉल्व्हपर्यंत जातो आणि गॅसची वाट अरुंद होते. ज्योत विझत नाही, लहान होते. हवा गार झाली की द्रव आकसतो, वाट रुंद होते, ज्योत वाढते. दिवसभर, रात्रभर हे थोडंथोडं चालूच असतं. याला वीज लागत नाही, आणि आमच्याकडे रात्री लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

माझ्या दिराचा मुलगा कॅनडात असतो. फोनवर त्याला हे सांगत होते, तर तो म्हणाला, "काकू, आमच्या घराच्या गॅस फर्नेसचं तत्त्व हेच." तिकडे घर तापवायच्या भट्ट्या तीन तऱ्हेच्या. एक पूर्ण पेटणारी नाहीतर बंद, दुसरी दोन पायऱ्यांची, आणि तिसरी साधारण ४० ते १०० टक्क्यांपर्यंत ज्योत हवी तशी कमी-जास्त करणारी. तिसऱ्या तऱ्हेत ज्योतीबरोबर पंख्याचा वेगही बदलतो, म्हणून गरम हवेचे झोत येत नाहीत आणि सगळ्या खोल्या सारख्या उबदार राहतात. त्यांच्याकडे हे काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो, आमच्याकडे ती कांडी.

फरक कुठे दिसला ते सांगते. पहाटे चारच्या सुमारास शेडमध्ये गेलं की पिल्लं सगळ्या गोलभर पसरलेली असतात, काही झोपलेली, काही खात असतात. आवाज हळू. पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावायचे. पाय गार लागले तर तूस गार आहे असं समजायचं. आता पाय कोमट लागतात. गळ्याखालची पिशवी चाचपली की भरलेली, मऊ लागते. पिल्लाला थंडी वाजली की ते खायला उठत नाही आणि पहिल्या आठवड्याचं राहिलेलं वजन पुढे भरून निघत नाही, म्हणून मी थर्मामीटरच्या आधी पिशवी पाहते. दबून मरणारी पिल्लं जवळजवळ थांबली. आमचे शेजारी पाहून गेले तेव्हा म्हणाले, "वहिनी, आता रातभर उठाले नाही लागत तं!" उठते मी अजूनही, पण पाहायला उठते, धावाधाव करायला नाही.

आता अडचणी. ज्योत एका मर्यादेखाली जात नाही. दुपारी शेड तापला की सगळ्यात लहान ज्योतही जास्त होते. तेव्हा साखळीने ब्रूडर वर घ्यावा लागतो किंवा सरळ बंद करावा लागतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा ब्रूडर घेऊ नका. मोठा घेतला तर तो दिवसाचा बहुतेक वेळ लहान ज्योतीवरच अडकतो, तुम्हाला हाताने बंद-चालू करावं लागतं आणि जास्तीचे पैसे वाया जातात. एक मोठा टांगण्यापेक्षा दोन लहान बरे.

दुसरं, ओल. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन शेडमध्ये येतं. हे ऐकून मला आधी खरं वाटेना, पण सकाळी प्लास्टिकच्या पडद्याच्या आतल्या बाजूने थेंब ओघळताना दिसतात. ऊब टिकावी म्हणून पडदे गच्च बंद केले की तूस ओला होतो, अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. प्राणवायू कमी पडून पुढे पोटात पाणी होण्याचा त्रासही वाढतो. पडद्याचा वरचा पट्टा उघडाच ठेवायचा. हवा आत आल्याने जी ऊब कमी होते ती ज्योत आपोआप भरून काढते. चालू-बंदवाल्यात हे धाडस होत नव्हतं.

तिसरं, सिलिंडर. थंडीत पहाटे पूर्ण ज्योतीवर एकाच सिलिंडरमधून गॅस ओढला की त्याच्या अंगावर दव, मग बर्फ धरतो आणि गॅसचा दाब कमी होतो. १९ किलोचे दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या. घरचा १४.२ किलोचा लावणं नियमातही बसत नाही.

विकणाऱ्याबद्दल माझी तक्रार आहे. बसवून देताना त्याने धुळीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. तुसाची आणि पिसांची धूळ हवा ओढायच्या जाळीत बसते, ज्योत निळीची पिवळी होते, काजळी धरते. दर लॉटनंतर, म्हणजे पिल्लांची एक खेप निघाली की, जाळी काढून हवेने साफ करावी लागते, आणि तांब्याच्या नळीला पीळ पडू द्यायचा नाही. सुटे भाग विचारले तर "मागवून देतो" म्हणून आठवडे घालवले. त्यामुळे घेतानाच एक जादा थर्मोकपल मागून घ्या. ज्योत विझली की गॅस बंद करणारा भाग तोच. पेटवताना बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं ते त्याला तापायला वेळ लागतो म्हणून. बटण सोडल्यावर ज्योत विझत असेल तर बहुतेक वेळा थर्मोकपलच गेलेला असतो.

साध्यापेक्षा हा महाग पडतो. हिवाळ्यात पिल्लं टाकणाऱ्याने घ्यावाच, असं माझं मत. फक्त एप्रिल-मेमध्ये लॉट घेणाऱ्याला गरज नाही, तेव्हा पिल्लांना उन्हापासून वाचवायचं असतं. आणि दोनशे-तीनशे गावरान पक्षी असतील तर बल्बवरच भागतं.