पॅसिफ्लोरा व्हिटिफोलिया: लाल कृष्णकमळ कुंडीत वाढवल्यावर

फुलाला दहापैकी नऊ गुण, वेलीला सहा. नेहमीच्या जांभळ्या कृष्णकमळासारखं खत-पाणी दिलं की हिची नुसती पानं माजतात.

आधी ओळख पटवून घ्या. व्हिटिफोलियाचं पान द्राक्षाच्या पानासारखं तीन खंडांचं आणि कोवळ्या खोडावर तांबूस लव असते. पान अखंड, कडा दातेरी असेल तर ती कॉक्सिनिया किंवा मिनिएटा, म्हणजे लाल फुलांच्याच दुसऱ्या जाती.

मिश्रण भुसभुशीत हवं: २ भाग कोकोपीट, १ भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), १ भाग कुजलेलं कंपोस्ट. शेवटी १६ इंची कुंडी लागतेच, पण छोटं रोप थेट तिच्यात लावू नये. मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि मूळकूज तिथूनच सुरू होते. माती ओली असूनही वेल मान टाकते तेव्हा बहुतेक जण आणखी पाणी घालतात, तिथेच ती जाते. बुंध्याची साल नखाने खरवडून पाहावी. आत तपकिरी दिसलं तर बुंध्याचा नाद सोडून वरच्या निरोगी भागाची तीन पेरांची छाटकलमं लगेच लावावीत. २५ अंशांच्या आसपास महिनाभरात मुळं धरतात. रात्रीचं तापमान १० अंशांखाली गेलं की वाढ थांबते, तेव्हा पाणीही निम्मं करावं.

फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून एक तृतीयांश छाटणी पुरे. खतात नत्र कमी, पालाश जास्त. मुळं एकदा कडक सुकली की तयार कळ्याही गळतात.

कळीखालच्या छदांवरच्या (छोट्या पानांसारख्या आवरणांवरच्या) ग्रंथींतून गोड थेंब पाझरतात, त्यावर मुंग्या येतात. ती पिठ्या ढेकणाची लागण नव्हे, फवारणी नको. पानं मात्र उलटून बघा: कोरड्या, गरम हवेत लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो.

फूल पहाटे उमलतं, एका दिवसाचंच. वास नाही, कारण मूळच्या मध्य अमेरिकेतल्या जंगलात परागीभवन हमिंगबर्ड करतात. स्वतःच्या परागाने फळ सहसा धरत नाही आणि एकाच वेलीची दोन कलमं म्हणजे एकच झाड. दुसरी वेल बियांपासूनची किंवा वेगळ्या मूळ झाडाची हवी. परागकोशावरची पिवळी भुकटी ब्रशने दुसऱ्या वेलीच्या फुलातल्या तिन्ही कुक्ष्यांवर (पराग धरणाऱ्या टोकांवर) सकाळीच टेकवा. गळलेलं फळ लगेच कापलं तर आंबटढाण लागतं. काही आठवडे तसंच ठेवावं.