सहा-सात लाखांतली मोठी पेट्रोल सेडान: फसवतात कुठे, ओळखायचं कसं

नव्या हॅचबॅकच्या पैशात सहा-सात वर्षं वापरलेली दीड लिटर पेट्रोल सेडान घ्यायची, हा विचार चांगलाच आहे. मागे पाय पसरायला जागा, मोठी डिकी, आणि कमी चालवणाऱ्या घराला डिझेलच्या डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) लचांड नाही. ठगालाही हे पक्कं ठाऊक असतं. संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत त्याची जाहिरात एकाच साच्यातली: ‘सिंगल हँड, शोरूम मेन्टेन, ३८ हजार किलोमीटर, डॉक्टरांची गाडी’. डॉक्टर कोणते, ते कुणी सांगत नाही.

मीटर मागे घ्यायला लॅपटॉप आणि केबल पुरते, त्यामुळे त्या आकड्याला किंमत शून्य. टायर वाचा. बाजूवर ‘DOT’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात; ३२२१ म्हणजे २०२१चा ३२वा आठवडा. गाडी २०१८ची, मीटर ३८ हजार आणि चारही टायर २०२१चे असतील, तर पहिले चार तीन वर्षांतच कसे झिजले? स्टेपनी बहुधा मूळचीच असते, तिची तारीख ताडून बघा. ब्रेक डिस्कच्या कडेला बोटाला लागणारी धार आणि घासून गुळगुळीत झालेलं क्लच पेडलचं रबर ३८ हजारांत सहसा होत नाही. विकणाऱ्याला सोबत घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवर सर्व्हिस हिस्टरी काढा. प्रत्येक जॉबकार्डवर किलोमीटर असतात. ‘आज सुट्टी आहे, सिस्टिम बंद आहे’ असं ऐकू आलं की उद्या या, पण टोकन देऊ नका.

‘एकही ओरखडा नाही’ हा दावा विमा पॉलिसीवर तपासा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचतो. पहिल्याच मालकाकडे असलेल्या सहा वर्षांच्या गाडीला तो शून्य किंवा २० टक्के दिसला, तर अलीकडे क्लेम झालाय किंवा पॉलिसी खंडित झाली होती. दोन्हींचा खुलासा मागा. बॉनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. पेंट गेजवर (रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर) कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन येतो. ३००च्या पुढे गेला की खाली बहुधा लांबी (पुट्टी) भरलेली असते. दरवाजा बदलला तर एक वेळ चालेल. पिलर (छत पेलणारे खांब) किंवा एप्रनवर (बॉनेटखालच्या सांगाड्याच्या पत्र्यावर) नंतर केलेलं वेल्डिंग दिसलं तर उठून या.

एअरबॅग फुटलेल्या गाडीत नवी बॅग महाग पडते, म्हणून रेझिस्टर जोडून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा गप्प करतात किंवा त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात. इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा इंजिन चालू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर विझला, तर गडबड आहे. हजार-दीड हजाराचं ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं) सोबत असू द्या. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ ११ किलोमीटर दाखवलं, तर सकाळीच कुणीतरी चेक इंजिनचा दिवा घालवलाय.

पुरातली गाडी हा आपल्याकडचा मोठा धोका. ऑक्टोबर २०२०चा हैदराबादचा पूर, डिसेंबर २०२३चा चेन्नईचा, आणि सप्टेंबर २०२५मध्ये तर आपल्याच मराठवाड्यात पाणी शिरलं. हैदराबादहून देगलूर, उदगीर लांब नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रेल्सचा गंज, फ्यूज बॉक्सच्या पिनांवरचा हिरवट थर, कार्पेटखालचा ओलसर फोम बघा. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर नाक जास्त वापरा. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा दांडा) वाकू शकतो. प्लग काढून कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चार सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर सौदा सोडा.

कागदांत तीन सापळे. पहिला बोजा: एमपरिवहन या सरकारी ॲपवर फायनान्सरचं नाव दिसत असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नकोत. दुसरा परराज्याचं पासिंग: फॉर्म २८ची एनओसी (आधीच्या आरटीओची) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स कोण भरणार, हे आधी ठरवा. ‘टॅक्स आमच्याकडे’ म्हणणारा डिलिव्हरीनंतर फोन उचलत नाही. तिसरा: फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे) कोरे सही करून घेऊन ‘नंतर नावावर करू’ हेही नको. तोवर कागदावर मालक आधीचाच, आणि अपघात झाला तर तुमचं नुकसान भरायला विमा कंपनी टाळाटाळ करते. विमा नावावर करायला १४ दिवस असतात. जुन्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

टोकन डीलरच्या फर्मच्या खात्यावरच द्या आणि पावतीवर लिहून घ्या: मीटर खरं आहे, गाडी पुराची किंवा एअरबॅग फुटलेली नाही, खोटं निघालं तर पूर्ण परतावा. डीलर हैदराबादचा असला तरी नांदेडकराला नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे हीच पावती चालते.