४०० पानांची पीडीएफ छापायची तर: स्पायरल, हॉटमेल्ट की साधा गोंद?

मोठी पीडीएफ छापताना खर्च वाढतो तो मुख्यतः कागद आणि शाईमुळे, म्हणून काटकसर तिथूनच सुरू करा. ४०० पानं पाठपोट छापली की २०० कागद होतात. ८० जीएसएम (कागदाच्या दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) ए४ कागदाचा हा गठ्ठा साधारण २ सेंमी जाड आणि १ किलो वजनाचा असतो. ए४च्या एका बाजूला दोन पानं घेतली, तर १०० कागदांत काम भागतं.

पण ए४चं पान ए५वर, म्हणजे अर्ध्या ए४वर, बसवलं की ते ७१ टक्के होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेआठवर येतं. एवढ्या आकारात देवनागरीतली जोडाक्षरं गिचमिड दिसतात. म्हणून आधी समास छाटा. ‘ब्रिस’ हे मोफत सॉफ्टवेअर सारखी पानं एकावर एक ठेवून दाखवतं, त्यामुळे चौकट पानोपानी आखावी लागत नाही. मूळ समास चारी बाजूंनी अडीच सेंमी असेल, तर छाटल्यावर अक्षर सव्वानऊ पॉइंटच्या वर राहतं. डोळ्यांसाठी हा फरक मोठा आहे. बांधणीच्या बाजूला मात्र १५ मिमी जागा सोडाच.

दुकानात वर्डची फाइल देऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा फाँट नसला की काना-वेलांट्या विखुरतात. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटसमोर ‘एम्बेडेड’ (फाँट फाइलमध्येच सामावलेला) लिहिलंय का ते पाहा. तरीही अक्षरं फुटली तर ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडा. स्कॅन केलेल्या पानांची करडी पार्श्वभूमी टोनर (लेझर प्रिंटरची भुकटी शाई) खाते, तेव्हा ती आधी शुद्ध काळी-पांढरी करून घ्या.

आता पानांचा क्रम, कारण सगळ्यात जास्त कागद इथे वाया जातो. साधं ‘एका बाजूला दोन पानं’ निवडून पाठपोट छापलं आणि मधोमध कापलं, तर १च्या मागे ४ येतं. त्याऐवजी अख्खी फाइल ‘बुकलेट’ म्हणून छापा. एकूण पानं ४च्या पटीत असू द्या आणि पलटी छोट्या कडेवर (‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’) ठेवा, नाहीतर मागचं पान उलटं येतं. पान १ वर दिसेल असा गठ्ठा मधोमध कापा. उजव्या भागात १ ते २०० ओळीने मिळतात. डावा भाग अख्खा पालथा करून त्याखाली ठेवला, की २०१ ते ४०० लागतात. आधी ८ पानांवर ही चाचणी जरूर करा.

बांधणीत स्पायरल सगळ्यांत सोपी. वही पूर्ण उलटी दुमडता येते, म्हणून टेबलावर उघडी ठेवायच्या मॅन्युअलसाठी तीच योग्य. कॉइलचा व्यास गठ्ठ्यापेक्षा ३-४ मिमी जास्त हवा. घट्ट कॉइलमध्ये पानं अडकतात आणि भोकांपाशी फाटतात. २०० कागदांच्या पुढे दोन भाग करणंच शहाणपणाचं. कंगव्यासारख्या प्लास्टिक दातांच्या ‘कोम’ बाइंडिंगमध्ये पानं बदलता येतात, एवढाच त्याचा फायदा. जड गठ्ठ्यात त्याचे दात उघडतात.

दुकानातली हॉटमेल्ट, म्हणजे गरम वितळलेल्या गोंदाची, बांधणी दिसते पुस्तकासारखी, पण नेहमीचा ईव्हीए गोंद थंडीत कडक होतो. पुस्तक दाबून उघडलं की कणा (पानं जोडलेली बाजू) तडकतो आणि पानं सुटतात. गोंद लावण्याआधी कणा खरवडतात का, हे विचारा. ग्लॉसी कागद हा गोंद नीट धरत नाही. पीयूआर गोंद मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, तो लवचिक राहतो.

तरीही कमी खर्चात टिकाऊ काम हवं, तर आमची पसंती घरच्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाला. धुतल्यावर निघणारा शाळकरी गोंद चालत नाही. गठ्ठा ठोकून कणा एका रेषेत आणा आणि दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पने धरा, कण्याकडचे २-३ सेंमी बाहेर ठेवून. कणा एका बाजूला झुकवला की पानांच्या कडा पंख्यासारख्या उलगडतात. त्यावर ब्रशने पातळ थर द्या. मग दुसऱ्या बाजूला झुकवून पुन्हा. असं केल्याने गोंद प्रत्येक पानाच्या दोन्ही अंगांना केसभर आत जातो, आणि पकड त्यामुळेच येते. मग फळ्या कण्यापर्यंत सरकवून घट्ट आवळा, हॅकसॉने दर २ सेंमीला दीड मिमी खोल खाचा पाडा, त्यांत गोंदात भिजवलेला सुती दोरा बसवा, वर मलमलीची पट्टी चिकटवा आणि रात्रभर दाबून ठेवा.

गोंद जाड लागला तर कण्याजवळ पानं लहरतात. इंकजेटची छपाई असेल तर शाई पूर्ण वाळू द्या आणि मजकूर कण्यापासून दूर ठेवा, ओल्या गोंदाने ती पसरते. कापलेल्या ए५मध्ये आणखी एक अडचण असते: ए४चे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे कापल्यावर ते कण्याला आडवे येतात आणि पुस्तक ताठ उघडतं. आडव्या तंतूंचा, ‘शॉर्ट ग्रेन’ ए४ कागद मिळाला तर तोच घ्या.