घरात पडून राहिलेल्या पुस्तकांसाठी वर्षभराचा वाचनसंकल्प : एक अभिप्राय

साताऱ्यातील आमच्या वाचनालयाने २०२५ साली सभासदांसाठी वर्षभराचा वाचनसंकल्प जाहीर केला, तेव्हा त्यातील एका अटीमुळे मी लगेच नाव नोंदवले. या उपक्रमात वाचनालयातून नेलेले पुस्तक धरले जाणार नव्हते. विकत घेतलेली किंवा भेट म्हणून आलेली आणि घरात न वाचता राहिलेली पुस्तकेच मोजली जाणार होती. पुस्तके देणे हेच ज्या संस्थेचे काम, तिने सभासदांना आधी स्वतःचे कपाट उघडायला सांगावे, हे मला फार मोलाचे वाटले.

नोंदणीचे शुल्क १५० रुपये होते आणि त्यात एक छापील वही मिळाली. पहिले काम न वाचलेल्या पुस्तकांची यादी करण्याचे होते. माझी यादी ५८ वर थांबली. त्यात वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे चार खंड होते. संदर्भग्रंथ कोणी सलग वाचत नाही, असे सांगून ग्रंथपाल मॅडमनी ते वगळायला लावले आणि ५४ पुस्तके उरली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर खरेदीची तारीख लिहिण्याची मला सवय आहे. त्या तारखा एकाखाली एक उतरवताना लक्षात आले, की निम्म्याहून अधिक पुस्तके ग्रंथप्रदर्शनांतून, सवलतीच्या मोहाने, एकाच दिवशी चार-पाच अशी घरात आली होती.

यापूर्वी दोन वर्षे मी गुडरीड्स या वाचनाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवरील वार्षिक आव्हानात भाग घेतला होता. तेथे वर्षारंभी आपणच एक आकडा ठरवतो आणि वाचून झालेली पुस्तके त्यात जमा होत जातात. आकडा गाठण्याच्या ओढीने मी शंभर-सव्वाशे पानांची पुस्तके निवडू लागले, तीही बहुतेक नव्याने विकत घेतलेली, आणि कपाट होते तसेच राहिले. वाचनालयाच्या संकल्पात मात्र पन्नास पाने वाचूनही मन रमले नाही तर पुस्तक सोडून देण्याची मुभा होती. का सोडले ते वहीत चार ओळींत लिहायचे, ते पुस्तक दुसऱ्या सभासदाला किंवा वाचनालयाला द्यायचे, आणि मग तेही हिशेबात धरले जाई. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील सर्वांत शहाणपणाचा नियम हाच. न वाचलेले पुस्तक वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते ते आवडत नाही म्हणून नव्हे, तर त्याच्याविषयी आपण काहीच ठरवलेले नसते म्हणून.

जुलै महिन्यातील एक अनुभव सविस्तर सांगावासा वाटतो. साताऱ्याच्या पावसात कपाटाची खालची फळी दमट होते. तेथून २०१४ साली घेतलेले एक जाडजूड चरित्र मी काढले. पानांच्या कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या पोस्टकार्डाच्या कडेने हळूहळू सोडवत मी ९६ व्या पानापर्यंत आले, तर पुढे पुन्हा ८१ वे पान. सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच, बांधणीत दोनदा आला होता आणि ९७ ते ११२ ही पाने नव्हतीच. घेतल्याच्या आठवड्यात उघडले असते तर विक्रेत्याने प्रत बदलून दिली असती. अकरा वर्षांनी कोणाकडे जाणार? मी वही घेऊन वाचनालयात गेले. मॅडमनी अर्ध्या तासात साठ्यातून त्याच आवृत्तीची प्रत काढून दिली आणि वाचनकक्षात बसून मी ती सोळा पाने वाचली. चरित्रनायकाच्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग नेमका त्याच पानांत होता, आणि तो वाचल्याशिवाय पुढच्या तीनशे पानांतील त्यांचा अबोलपणा समजलाच नसता. अशी मदत कोणतेही ॲप करू शकणार नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. दर महिन्याला एक विषय ठरवून दिलेला होता आणि पाचशेहून अधिक पानांच्या पुस्तकासाठी फेब्रुवारी नेमला होता. अठ्ठावीस दिवसांच्या, त्यातही परीक्षांच्या तोंडावर येणाऱ्या महिन्यात शिक्षकांनी आणि दहावी-बारावीच्या पालकांनी तो कसा पाळावा? मोठ्या ग्रंथाला दोन महिने द्यायला हवेत, असे मी वहीत लिहूनही दिले. महिन्याच्या शेवटच्या रविवारची बैठक चांगली रंगत असे, मात्र व्हॉट्सॲप गटावर सुप्रभातचे संदेश इतके येत, की बैठकीची सूचना त्यात हरवून जाई.

वर्षाअखेरीस माझी १९ पुस्तके वाचून झाली, १४ विचारपूर्वक सोडून दिली आणि २१ उरली. त्या एकवीस पुस्तकांसाठी मी २०२६ ची नोंदणी केली आहे. ज्यांची कपाटे भरलेली आहेत त्यांनीही अवश्य करावी.

संकल्प ३१ डिसेंबरला संपला आणि दुसऱ्याच दिवसापासून ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या साताऱ्यातच भरले. तेथील ग्रंथप्रदर्शनात मी ती वही पिशवीत घेऊन फिरले. दोन पुस्तके घेतली, आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या टेबलापाशी उभी राहून दोन्हींचे पृष्ठक्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले.