वकिली कुठे करायची, हे ठरवून विधी महाविद्यालय निवडताना

कागदोपत्री पाहिले तर विधी महाविद्यालय कोणत्या गावचे, याला फारसे महत्त्व नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे तिसावे कलम अखेर २०११ मध्ये अमलात आले. त्यानुसार राज्य वकील परिषदेच्या यादीत नाव असलेला वकील देशातील कोणत्याही न्यायालयात काम चालवू शकतो. पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या महाविद्यालयाची असावी आणि ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी, एवढेच बघितले जाते. प्रत्यक्षात मात्र पक्षकार, सीनियर आणि न्यायालयाची भाषा या तिन्ही गोष्टी स्थानिक असतात. म्हणून क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात जावे की एमएच सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन मुंबई, पुणे किंवा जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालय धरावे, याचा निर्णय संस्थांच्या क्रमवारीवरून न घेता सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर कोणत्या बार रूममध्ये बसायचे आहे, यावरून घ्यावा, असे मला वाटते.

जिल्हा आणि तालुका न्यायालयात वकिली करायची असेल, तर माझे मत स्पष्टपणे त्याच भागातील महाविद्यालयाच्या बाजूने आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मनाईचा अर्ज, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी) आणि उलटतपास यांतले बरेचसे काम मराठीत चालते, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाचही वर्षे वाचन, लेखन आणि मूट कोर्ट (सरावाचे खोटे खटले) सारे इंग्रजीत होते. शिवाय जमिनीचा कायदादेखील राज्यभर एकसारखा नाही. कुळकायदा म्हणून पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा आणि विदर्भात १९५८ चा स्वतंत्र अधिनियम लागू होतो. सातबारा आणि जुने फेरफार वाचून मालकी हक्काचा माग काढणे, वाटपाच्या हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) चालवणे, तहसीलदार आणि प्रांतांपुढील अपिले लढवणे हे शिक्षण वर्गात फारच थोडे मिळते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप पुरेशी ठरते, आणि दूरच्या निवासी विद्यापीठातला विद्यार्थी ती बहुधा सुट्ट्यांत उरकतो. गावातच शिकणारा विद्यार्थी तास संपल्यावर सीनियरच्या कार्यालयात जाऊन एकच दावा दाखल होण्यापासून मुद्दे निघेपर्यंत आणि पुढे पुराव्यापर्यंत पाहू शकतो.

या हिशेबात कोल्हापूरची बाजू अलीकडे बरीच बदलली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले आहेत. कोल्हापुरात १९३३ पासून असलेल्या शहाजी विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उच्च न्यायालयाचे काम पाहण्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठ, जुनी विधी महाविद्यालये आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ हे तिन्ही एकाच शहरात असल्याने तेथील निवड त्या मानाने सोपी आहे, फक्त नागपूरचे विद्यापीठ शहराबाहेर वारंग्याला आहे, हे रोज न्यायालयात जाऊ इच्छिणाऱ्याने लक्षात घ्यावे.

मुंबईत प्रश्न वेगळा आहे, कारण येथे दोन निराळे व्यवसाय एकाच नावाने चालतात. सॉलिसिटर फर्म किंवा कंपनीच्या विधी विभागात जायचे असेल, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा फायदा खरा आहे. मोठ्या फर्म नोकरभरतीसाठी त्यांच्या आवारात येतात आणि जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला त्याच जागेसाठी एकामागून एक इंटर्नशिप करत दार ठोठवावे लागते. उच्च न्यायालयात कौन्सिल, म्हणजे प्रत्यक्ष युक्तिवाद करणारा वकील, म्हणून उभे राहायचे असेल, तर १८५५ साली स्थापन झालेले चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय मला अधिक सोयीचे वाटते. फोर्टमधील उच्च न्यायालय, शहर दिवाणी न्यायालय आणि वकिलांची चेंबर्स तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, पवईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून मात्र तिथवर पोहोचण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. मुंबई उच्च न्यायालयाला मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रही असल्यामुळे, म्हणजे काही दावे थेट तेथेच दाखल होत असल्यामुळे, त्या ओरिजिनल साइडची कार्यपद्धती स्वतंत्र आहे, आणि ती पुस्तकापेक्षा तेथे वावरूनच चांगली कळते.

पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय, स्थापना १९२४, फर्म आणि न्यायालय या दोन्ही वाटांच्या मध्ये बसते. नाव मोठे आहे, फर्मपर्यंत पोहोचता येते आणि शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय जवळ आहे; उच्च न्यायालयाच्या कामासाठी मात्र पुणेकरांना मुंबईलाच जावे लागते.

गोव्याचा विचार करणाऱ्या सावंतवाडी, कुडाळ भागातील विद्यार्थ्यांनी तर गोव्याबाहेर शिकण्याचा मोह टाळावा. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतील कौटुंबिक कायदा आजही लागू आहे, विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक धरली जाते आणि वारसाहक्काची वाटणी २०१२ च्या अधिनियमाखालील इन्व्हेंटरी प्रक्रियेने, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून न्यायालयामार्फत, होते. हिंदू वारसा कायदा पाठ करून गेलेल्या वकिलाला तेथे बरेच काही नव्याने शिकावे लागते, म्हणून मिरामारचे साळगावकर किंवा मडगावचे कारे महाविद्यालय हाच तेथे सरळ मार्ग आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे ध्येय असणाऱ्याने दिल्लीत शिकावे की नाही, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे. तेथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डला, म्हणजे त्या न्यायालयाकडे खास नोंदणी झालेल्या वकिलाला, असतो. त्यासाठी चार वर्षांची वकिली, त्यानंतर एक वर्ष प्रशिक्षण, मग परीक्षा आणि न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय, एवढ्या अटी आहेत. पदवी महाराष्ट्रातून घेऊन, एखाद्या उच्च न्यायालयात हात बसवून मग दिल्लीला जाणे यात काही बिघडत नाही.

शेवटी पैशांचा भाग, आणि तो मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण प्रवेशाच्या वेळी तो नजरेआड होतो. शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क हजारांत असते, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा वसतिगृहासह खर्च वर्षाला लाखांत जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले, परंतु ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी पहिली दोन वर्षे प्रवासखर्चावर काढणारे ज्युनिअर कमी नाहीत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असताना असे दिवस काढता येत नाहीत, त्यामुळे न्यायालयात उभे राहण्यासाठी शिकलेला मुलगा किंवा मुलगी कर्जापायी कंपनीच्या नोकरीत जाते. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यांनाही हा हिशेब आता लागू आहे, कारण मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. कुठे वकिली करायची हे अजून ठरलेच नसेल, तर ज्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी कर्ज काढावे लागणार नाही आणि जेथून न्यायालयात रोज जाता येईल, ते आधी पाहावे; सनद झाल्यावर वकील परिषदेच्या यादीतील नाव दुसऱ्या राज्यात हलवण्याची सोय अधिवक्ता अधिनियमाच्या अठराव्या कलमात आहेच.